फोटोपुरता डेक

५ फेब्रुवारी

घर विकायचं ठरलं की घराकडे बघायची नजरच बदलते. माझी नव्हे, एजंटची म्हणतेय. आज सकाळी तो सगळीकडून फिरून गेला. ज्या खोलीत मी जन्मभर शिवणयंत्र चालवलं तिला तो "स्टडी" म्हणाला. मोरीला "युटिलिटी" म्हणाला. मी मागे होते, मला काय म्हणाला असता कुणास ठाऊक.

मागचं दार उघडलं आणि त्याचा चेहराच पडला. दाराबाहेर एकदम कमरेइतकं खाली अंगण. पायऱ्या होत्या तिथे आता काही नाही. त्या पायऱ्या ह्यांनी घर घेतलं तेव्हा "तात्पुरत्या" म्हणून खोक्यांवर फळ्या ठोकून केल्या होत्या. हे गेले, पायऱ्या मात्र परवाच्या नोव्हेंबरपर्यंत टिकल्या. गेल्या त्या मला घेऊनच. त्या पडण्यावरूनच हे घर विकण्याचं निघालं.

"काकू, गिऱ्हाईक इथूनच परत फिरतं," एजंट म्हणाला. "दाराबाहेर छोटासा लाकडी डेक टाकून घ्या, ओट्यासारखा. काही भारी नको हं, फोटोपुरता. आणि ते अंजिराचं झाड काढून टाका, जागा मोठी दिसेल."

मी त्याला चहा घेणार का विचारलं.

चिरंजीवांना फोन केला. त्याला डेकची कल्पना आवडली. माझ्यासाठी त्यांच्याकडे खोली रंगवून तयार आहे म्हणाला. पिवळा रंग दिलाय. मुलगा माझा गुणी आहे, पण रंगाच्या बाबतीत वडिलांवर गेलाय.

९ फेब्रुवारी

सुतार आला. वयाने चिरंजीवांएवढा, पण प्रत्येक गोष्टीला "हो, बघू" म्हणतो. उद्या येशील का? हो, बघू. लाकूड कुठलं? हो, बघू. मी मनातल्या मनात त्याचं नाव होबघू ठेवून टाकलंय.

त्याने माप घेतलं, मीही माझ्या टेपने घेतलं. दोघांच्या मापात बोटभर फरक! मी तावातावाने भांडले. मग त्याची पोलादी टेप आणि माझी कापडी टेप शेजारी शेजारी धरली तर माझीच टेप ताणलेली निघाली. म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्या बायकांच्या कमरा आहेत त्यापेक्षा बारीक सांगत होते. मापही त्याच टेपने, बेतणंही त्याच टेपने, त्यामुळे कपडे बरोबर बसले. आणि गिऱ्हाइकं खूश का असायची तेही आज कळलं.

होबघू म्हणाला, "मावशी, साधं पाइन लावू. विकायचंच आहे ना घर?"

"विकायचंच आहे," मी म्हटलं. "पण म्हणून उसवणारी शिवण घालायची का?"

"हो, बघू," तो म्हणाला.

१३ फेब्रुवारी

धुऊन बघितल्याशिवाय मी कधी कापडाला कात्री लावली नाही. लाकडालाच का सवलत द्यायची? लाकडाच्या वखारीतून चार तुकडे मागून आणले: साधं पाइन, औषध मुरवलेलं पाइन, साग, आणि भुसा नि प्लास्टिक मिळून केलेली ती नवीन फळी. चारही तुकडे कपड्यांच्या बादलीत बुडवले, वर वरवंटा ठेवला. शेजारीण कुंपणावरून विचारते, काय शिजतंय?

चिरंजीवांनी पाठवलेली पॅकिंगची खोकीही आज आली. घडी करून पलंगाखाली सारली आहेत.

१७ फेब्रुवारी

निकाल. साधं पाइन फुगून बसलं. औषधवालं बरं राहिलं. सागाने जणू बादली बघितलीच नाही. प्लास्टिकच्या फळीलाही काही झालं नाही, मी जवळजवळ तीच घेणार होते. मग दुपारी सगळे तुकडे उन्हात मांडले आणि अनवाणी पायाने एकेकावर उभी राहिले. प्लास्टिकवरून मी अशी उडी मारली की शेजारणीला पुन्हा कुंपणाशी यावं लागलं.

ठरलं. खालचा सांगाडा औषधवाल्या पाइनचा, वरच्या फळ्या सागाच्या.

एजंटला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काकू, फोटोत साग आणि पाइन सारखंच दिसतं हो." मी म्हटलं, फोटोत चालायचंय कुणाला?

१८ फेब्रुवारी

चिरंजीवांचा फोन. तो यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासायला आहे, दिवसभर नटबोल्टांतच बुडालेला असतो. लाकडाचं सांगितलं, तर लाकूड बाजूलाच राहिलं आणि स्क्रूंवर व्याख्यान सुरू झालं. औषधवाल्या लाकडात तांबं असतं, ते साध्या झिंकच्या मुलाम्याला खाऊन टाकतं. म्हणून बाहेरच्या कामाला स्टेनलेस घ्यायचे, खालच्या पट्ट्या आणि नटबोल्टही त्याच जातीचे. "आणि चकचकीत पाकिटाला भुलू नकोस, आई. तुझा टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक आहे ना, तो लाव. कडकन चिकटला तर नको."

मला हे सांगायची गरज नव्हती. गंजलेल्या एका हुकाने अख्ख्या कपड्याची कशी वाट लागते ते मी त्याच्या जन्माआधीपासून बघतेय. पण त्याचा आवाज इतका खुलला होता की मी मधे बोलले नाही. किती दिवसांनी आम्ही माझ्या गुडघ्याखेरीज दुसऱ्या कशावर बोललो!

२३ फेब्रुवारी

होबघूने पिशवीभर काळे स्क्रू आणले. "मावशी, मी सगळीकडे हेच वापरतो."

मी त्यातला एक, झिंकचा एक आणि स्टेनलेसचा एक असे तीन स्क्रू मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या भुशात पुरले आणि मुरांब्याच्या बरणीत झाकण लावून ठेवले. होबघू बरणीकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

आज काम बंद. तो चहा पिऊन गेला.

१ मार्च

बरणी उघडली. काळ्या स्क्रूला दाढी आली होती, लाल. झिंकवाला पांढरा पडून कडेने गंजायला लागलेला. स्टेनलेस पुसला तर नवाच. होबघूने बरणी हातात घेऊन नीट पाहिली, वास घेतला आणि म्हणाला, "पण मावशी, काळे स्क्रू घरात चांगले चालतात."

"घरात चालतात ना? मग घरात वापर."

हार मान्य करणं त्याच्या रक्तात नाही. माझ्याही नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

दुकानदाराने मात्र कमाल केली. "अस्सल स्टेनलेस" म्हणून पाकीट पुढे केलं. मी पिशवीतून लोहचुंबक काढला, तर स्क्रू त्याला असे बिलगले की सोडवेनात. दुकानदार म्हणाला, "चुकून आलं." मग आतून दुसरं पाकीट आलं. ते घेतलं.

६ मार्च

खांब उभे राहिले. खांबाचं लाकूड मातीत पुरायचं नाही, खाली काँक्रीटचा ठोकळा, त्यावर खांब धरायला स्टेनलेसचा बूट, बुटात खांब. पायात चपला घातल्याशिवाय मी चिखलात जात नाही, खांबाने तरी का जावं?

कापलेल्या प्रत्येक टोकाला औषध लावून घेतलं. लाकूड टोकाकडून पाणी पितं. कापडही कडेकडूनच उसवतं, म्हणून तर ओव्हरलॉक. होबघूचं म्हणणं, आतल्या टोकांना कशाला, दिसत नाहीत. मी त्याच्या शर्टाची बाही उलटून आतली शिवण दाखवली. सगळे दोरे लोंबत होते. जाताना शर्ट माझ्याकडे टाकून गेला, मी मशीनवर घालून दिला.

किती महिन्यांनी मशीन उघडलं. तेल मागत होतं.

१० मार्च

आज फळ्या बसायला लागल्या. होबघूला छुप्या क्लिपा लावायच्या होत्या, वरून एकही स्क्रू दिसत नाही म्हणे, फोटोत झकास. मी विचारलं, मधली एखादी फळी खराब झाली तर? तर कडेपासून सगळ्या काढत यायचं. म्हणजे एका बटणासाठी अख्खा कोट उसवायचा! नको म्हटलं. वरून स्क्रू मारायचे, दोन फळ्यांत खिळ्याच्या जाडीची फट ठेवायची, पाणी खाली जाईल आणि कुठलीही फळी कधीही सुटी निघेल.

"पण बदलणार कोण, मावशी? तुम्ही तर चाललात."

"जो राहील तो बदलेल," मी म्हटलं. लोक ना, नको तिथे डोकं चालवतात.

दुपारी काम अंजिराशी येऊन अडलं. हे झाड म्हणजे एका गिऱ्हाईक बाईंनी दिलेली वीतभर फांदी होती. फळ्या त्याच्या भोवतीने कापायच्या होत्या. होबघूने पेन्सिल कानावरून काढली, खोडाशी टेकवली आणि विचारलं, "किती वर्षांची जागा सोडू?"

मला प्रश्नच कळला नाही.

"झाड जाड होतं ना. दोनतीन वर्षांपुरती हवी तर चार बोटं सोडतो. भोक लहान, फोटोत बरं दिसेल."

मी आत जाऊन खडू आणला आणि खोडाभोवती स्वतः गोल काढला. वाढत्या अंगाच्या पोरीचा फ्रॉक काय नेमका मापात बेततात का? होबघू गोलाकडे बघून म्हणाला, "मावशी, एवढं जाड व्हायला याला जन्म जाईल."

"जाऊ दे की," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि खडूवरून करवत चालवली. "हो, बघू" म्हणाला नाही, हे विशेष.

१४ मार्च

झाला. मागचं दार उघडून मी सरळ बाहेर पाऊल टाकलं. खाली बघितलं नाही, भिंत धरली नाही. आणि उभी राहून चक्क रडले. होबघू हत्यारं आवरतोय असं दाखवत पाठ करून उभा राहिला.

हे लिहून ठेवते, इथे कोण वाचतंय. नोव्हेंबरात पायऱ्यांसकट पडले तेव्हा दुखण्याने नाही रडले. हाक मारायला तोंड उघडलं आणि कुणाला मारायची ते सुचेना, म्हणून रडले. शेजारीण आली तोवर अंधारून आलं होतं. चिरंजीवांना मी नुसती ठेच लागली म्हणाले, शेजारणीने त्याला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो दारात उभा होता आणि म्हणाला, "आई, आता पुरे." त्याचा चेहरा बघून मी हो म्हटलं. त्याचं काही चुकलं नाही. मला भीती वाटतेच. अजूनही वाटते. फक्त आज दिवसभरात एकदाही वाटली नाही, तेवढं काम होतं म्हणून असेल.

एजंटचं म्हणणं होतं कठडा नको, फोटोत आडवा येतो. त्यामुळे डेकवरून अंगणात उतरायच्या नव्या पायऱ्यांना कठडा नाही.

१६ मार्च

एजंटने फोटो काढले. मलाही बाजूला व्हायला सांगितलं. फळ्यांवर ऊन असं पडलं होतं की तोसुद्धा "वा" म्हणाला.

मागच्या डेकवर संध्याकाळचा उजेड फार छान येतो. मशीन दारापाशी आणलं तर डोळ्यांना ताण न पडता काजं करता येतील. नवीन येणाऱ्यांना सांगून ठेवायला हवं. पण त्यांच्याकडे मशीन असेल की नाही कुणास ठाऊक.

सूनबाईंनी फोनवर विचारलं, "आई, खोकी भरायला घेतली का?" म्हटलं, घेतली. खोटं नाही. एकात होबघूची हत्यारं होती, एकात उरलेले स्क्रू आहेत, तिसऱ्यात सागाचे तुकडे, पुढेमागे लागतील म्हणून.

"कशाला लागतील?" तिने विचारलं.

"अगं, डागडुजीला." मग ती हसली. का हसली ते सांगितलं नाही. तिचं हे असंच.

२१ मार्च

घर बघायला जोडपं आलं होतं. तरुण, हसतमुख, बाई शाळेत शिकवते. घर आवडलं, डेक तर फारच. मला ती माणसं मनापासून आवडली, म्हणून सगळं नीट समजावून दिलं. वर्षातून एकदा तेल लावायचं, पण आधी धूळ झाडून, फळ्यांच्या रेषेने हात चालवायचा. खुर्च्या ओढायच्या नाहीत, उचलायच्या. अंजिराची पानं फटीत अडकतात, ती जुन्या विणायच्या सुईने काढायची. बाईंनी खुर्ची जरा ओढली तेव्हा मी फक्त हात पुढे केला.

"आणि काळजी करू नका, दरवर्षी तेल लावायला मीच येत जाईन," असंही सांगितलं. "दोन दिवस राहीन, मागच्या खोलीत. तुम्हाला त्रास नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जाताना बाईंनी माझा हात हातात घेतला आणि दाबला. मग फाटकाशी एजंटला काहीतरी म्हणाल्या.

एजंट परत आत आला तो कपाळाला हात लावूनच. "काकू, त्या म्हणतात, या बाई घर विकत नाहीयेत."

मी म्हटलं, मग मी इतका वेळ घसा कोरडा करून काय करत होते?

२८ मार्च

चिरंजीव आले. एजंटने त्याला काय काय सांगितलंय देव जाणे. आल्या आल्या बॅग टाकून तो मागच्या दारी गेला. होबघूही तिथेच होता, उरलेलं तेल देण्याच्या निमित्ताने चहाला आलेला.

चिरंजीव डेकभर फिरला. गुडघ्यावर बसून स्क्रूंची डोकी पाहिली, अंगठा फिरवला. कारखान्यात असाच बघत असणार. मग अंजिराशी थांबला. "हे भोक एवढं मोठं का?"

"मी विचारलं होतं किती वर्षांची जागा सोडू," होबघू म्हणाला. "मावशींनी स्वतः खडूने आखून दिलं."

चिरंजीव तिथेच बसला. खोडाभोवतीच्या रिकाम्या जागेत त्याने हात घातला आणि सावकाश सगळीकडून फिरवला. दमला होता प्रवासाने. मग उठून म्हणाला, "पायऱ्यांना कठडा नाही. चल, सामान घेऊन येऊ."

दुकानात मी कठड्याचं लाकूड बघत होते तेवढ्यात त्याने स्क्रूंचं पाकीट उचलून गल्ल्यावर ठेवलंसुद्धा. चकचकीत. मला बघताक्षणीच शंका आली. लोहचुंबक लावला. कडकन चिकटला!

"अरे, हे झिंकचे आहेत."

"चालतील गं आई," तो म्हणाला. "वर्ष दोन वर्षं आरामात जातील. पुढचं नवीन मालक बघतील."

"कोण नवीन मालक?" माझा आवाज चढला. "दोन वर्षांनी कठडा सुटला तर पडणार कोण? मी! मला राहायचंय त्या घरात!"

दुकानात सगळे वळून बघायला लागले. दुकानदाराच्या हातातला दोरा हातातच राहिला. मी जे बोलले ते मलाही तेव्हाच ऐकू आलं. गल्ल्याला टेकून उभी राहिले. आता हा रागावणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे समजूत घालणार, असं वाटलं.

चिरंजीवांनी पाकीट परत फळीवर ठेवलं. "दादा, स्टेनलेस दाखवा," तो दुकानदाराला म्हणाला. "चुंबकाला न चिकटणारे. आणि कठड्याचं लाकूड सागच द्या."

घरी येताना त्याने अटी घातल्या. रोज सकाळी फोन. शेजारणीकडे किल्ली. उन्हाळ्यात महिनाभर पिवळ्या खोलीत राहायला जायचं. मी सगळ्याला हो म्हटलं, रंग बदलायची एक अट माझीही घातली. सूनबाईंना फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "रंग तुम्हीच येऊन निवडायचा, आई. म्हणून तर तुम्हाला चालणार नाही असा दिला होता."

२९ मार्च

कठडा लागला. चिरंजीव आणि होबघू मिळून लावत होते, मी स्क्रू मोजून हातात देत होते. दोघांचं चांगलं जमलं. माझ्या बरणीच्या गोष्टीवर दोघं मिळून हसले ते मला आवडलं नाही.

एका गोष्टीचं मात्र नवल वाटतं. नटबोल्टांत हयात घालवणारा माणूस, स्वतः मला फोनवर तासभर सांगणारा, आणि दुकानात जाऊन उचलले तेच झिंकचे! कामात लक्ष नाही पोराचं. सूनबाईंना विचारलं तर ती पुन्हा नुसती हसली. झोप कमी होत असेल त्याची, सांगायला हवं.

उद्या एजंटला मीच फोन करणार आहे. वाईट वाटेल बिचाऱ्याला. डेकचे फोटो तेवढे मागून घेते, छान आलेत.